टाळी आली की गझलेत नेमकं काय बिघडतं

प्रसिद्धीनं कवी संपतो, असं गझलकारांबद्दल म्हटलं जातं. मला ते सरसकट पटत नाही. नागपुरात रेशीमबागेतल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे, त्या गझलकार सुरेश भटांनी मंच गाजवला आणि नवख्यांना गझलेचं तंत्रही लिहून शिकवलं.

बिघाड होतो तो असा. मंचावर शेराची, म्हणजे गझलेतल्या दोन ओळींच्या कडव्याची, पहिली ओळ दोनतीनदा म्हणतात, श्रोता ताटकळतो, दुसऱ्या ओळीत काफिया (यमकाचा शब्द) आणि रदीफ (त्यामागून येणारे, न बदलणारे शब्द) पडला की दाद. दुसरी ओळ आधी सुचण्यात काही गैर नाही. पण नाव झालं की पहिली नुसती मात्रा भरायला येते: ‘आज पुन्हा’, ‘कुणास ठाऊक’. दुसरी ओळ झाकून पाहा, पहिलीत काही उरतं का?

अलामत, म्हणजे काफियातला न बदलणारा स्वर, तीही सैल पडते. ‘घर’, ‘भर’नंतर ‘दूर’ येतो आणि तरन्नुममध्ये, म्हणजे चालीत गाताना, खपूनही जातो! शिवाय रीलवर एकच शेर फिरतो, म्हणून बाकीचे चार भरतीचे. खरं तर प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असायला हवा.

म्हणून नवी गझल आधी चालीविना, कागदावर, तंत्र जाणणाऱ्या एकदोघांना दाखवावी. मंच नंतर.