घरी बसून रॉक ऐकणाऱ्यांनो, तुम्ही निम्मंच ऐकून राहिले

रिफवाला_रामदासपेठ
परवा आमच्या ग्रुपवर एकानं टाकलं, "कॉन्सर्ट म्हणजे पैसे देऊन धक्के खाणं, त्यापेक्षा चांगले हेडफोन घ्या." तेव्हापासून डोकं तापलंय.

१७ मार्च २००७. बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स, आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड. आम्ही चौघं नागपूरहून रिझर्व्हेशन न करता निघालो होतो, रात्रभर दाराशी बसून. गायक ब्रूस डिकिन्सन तेव्हा ४८ वर्षांचा; स्टेजभर पळत होता आणि तरी वरचा सूर ढळत नव्हता. पण मला खरं काही मिळालं ते गिटारमध्ये. मरे, स्मिथ आणि गर्स, तीन गिटारी. कॅसेटवर त्या एकमेकींत विरघळून येतात. तिथं हात दिसले आणि पहिल्यांदा कळलं की हा तुकडा याचा, तो त्याचा. वर्षानुवर्षं पाठ असलेली गाणी त्या रात्री नव्यानं ऐकली.

कलाकार चुकतो कसा आणि सावरतो कसा, हे मैदानातच दिसतं. स्टुडिओत चूक पुसता येते.

कानसेन_धंतोली
भाऊ, मग बीटल्सचं काय करायचं? २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये शेवटचा तिकीट लावलेला शो केला आणि दौरे बंद. किंकाळ्यांत त्यांना स्वतःचं वाजवणंही धड ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' हा अल्बम आला, तो स्टुडिओतच घडू शकत होता. ते निम्मं संगीत होय?

मीही जाऊन आलोय बरं. नवी मुंबईत एका मोठ्या शोला. तिकीट, गाडी, हॉटेल, सगळं धरून महिन्याचं बजेट गेलं. गायक अंगठ्याएवढा, समोर हजार मोबाइल. दोन तास पडदाच पाहिला. पडदा तर माझ्या घरीही आहे!

बे_बर्डीचा
मागं उभा रायला तर अंगठाच दिसन ना बे 😄 दुपारीच जाऊन रांगेत लागाव लागते.

रिफवाला_रामदासपेठ
बीटल्सचं मान्य. पण तेव्हा स्टेजवर आजच्यासारखे मॉनिटर स्पीकर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकवणारे, नव्हते. दोष यंत्रणेचा, मैफलीचा नव्हे.

आता डीप पर्पल हा रॉक बँड घ्या. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका-टोकियोला वाजवलेलं 'मेड इन जपान' या लाइव्ह अल्बमवर ऐका, जवळपास वीस मिनिटं. आपल्याकडे बडा ख्याल जसा त्या दिवसाच्या मूडवर वाढतो, तसंच. त्यांच्या जॉन लॉर्डचा ऑर्गन तिथं कुठल्या कुठं जातो!

कानसेन_धंतोली
आणि हे तुम्ही कुठं ऐकलंत? ओसाकाला होतात का? घरी बसून, रेकॉर्डवरच ना! तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा माझ्या बाजूनं साक्ष देऊन राहिला.

दोन_मुलींची_आई
मला कानांची काळजी वाटते. ८५ डेसिबल आठ तास चालतं म्हणतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन, त्याला २०१६ मध्ये ऐकू येण्याच्या त्रासापायी दौरा सोडावा लागला. मुलींना पाठवीन, पण कानात बोळे घालूनच.

बे_बर्डीचा
ताई, मारबतीच्या मिरवणुकीत डीजेच्या बाजूनं चालता तेव्हा कोणी बोळे घालते काय?

दोन_मुलींची_आई
मी घालते. हसतात लोक, हसू द्या.

रिफवाला_रामदासपेठ
ताईंचं पटलं, आता मीही घालतो. बोळ्यांतूनही बेस छातीत बसतोच.

कानसेन, चिमटा लागला. पण ती रेकॉर्डही कुणीतरी मैदानात उभं राहून वाजवली म्हणूनच आहे. इंडियन ओशन बँडच्या असीम चक्रवर्तींना मी पुण्यात ऐकलं होतं. मांडी घालून तबला वाजवता वाजवता गात होते. 'माँ रेवा' सुरू झालं, नर्मदेचं गाणं, आणि शेजारचा अनोळखी माणूस रडायला लागला. २५ डिसेंबर २००९ ला ते गेले. त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड माझ्याकडे आहेत. तो रडणारा माणूस कुठल्याच रेकॉर्डवर नाही.

कानसेन_धंतोली
यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी तिकिटाचे पैसे मी देणार नाही, हे लिहून ठेवा.

बरं, ते 'मेड इन जपान' तुमच्याकडे कॅसेटवर आहे की एलपीवर? कॅसेट असेल तर तुम्ही खरंच निम्मंच ऐकून राहिले.