'हंगर गेम्स' संपलं, आता पुढे काय? नववीतल्या भाचीसाठी पुस्तकं सुचवा

मानपाडा_मावशी

नमस्कार मंडळी. माझी भाची नववीत आहे, ऐरोलीला राहते, सुट्टीत ठाण्याला माझ्याकडे असते. 'हंगर गेम्स'चे (सरकार दरवर्षी चिठ्ठ्या काढून मुलांना जिवावरच्या खेळात उतरवतं, ती मालिका) तिन्ही भाग तिने वाचून काढले, त्यामागून 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स'ही. आता वाढदिवसाला पुस्तकंच हवीत असं बजावलंय.

मॉलमधल्या दुकानात गेले तर 'यंग अडल्ट', म्हणजे किशोरवयीनांसाठी, असं लिहिलेल्या फळीवर सगळीकडे ड्रॅगन, मुकुट, तलवारी आणि सोनेरी वेलबुट्टी. काउंटरवरच्या मुलाने 'सगळ्या मुली हेच नेतात' म्हणत 'फोर्थ विंग' हातात दिलं. उभ्या उभ्या मधलंच एक पान उघडलं आणि गुपचूप जागेवर ठेवून बाहेर पडले.

इंग्रजी वाचायला तिला काहीच अडचण नाही. मारामारी चालेल. नुसतं प्रेमप्रकरण नको (हे तिचं मत, माझं नाही). तिच्या आईचं म्हणणं, हे असलं भयाण वाचण्यापेक्षा फास्टर फेणे वाच. ते तिचं तिसरीतच वाचून झालंय, पण ताईला कोण सांगणार? मराठी किंवा आपल्याकडचं काही असेल तर तेही सांगा.

तलावपाळी

हॅरी पॉटर?

मानपाडा_मावशी

पाचवीत. दोनदा.

सेक्टर_अठरा

मावशी, 'फोर्थ विंग' ठेवून आलात ते बरं केलंत. पुस्तक वाईट आहे असं नाही, २०२३ मध्ये ते निघालंच मोठ्यांसाठी. ड्रॅगन दिसला की दुकानवाले पोरांच्या फळीवर लावून मोकळे होतात. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'चं तर आणखीच निराळं. २०१५ मध्ये ते किशोरांसाठी म्हणून आलं, पुढे प्रकाशकानेच मुखपृष्ठं बदलून मोठ्यांच्या विभागात नेलं. जुन्या प्रतीवरच्या शिक्क्यावर विसंबू नका.

आता मूळ प्रश्न. मी नेरुळला राहतो, वय पन्नाशीच्या पुढे, आणि मुलगा वाचत होता म्हणून हा प्रकार वाचायला लागलो. मुलगा सुटला, मी अडकलो. माझं ठाम मत असं की 'हंगर गेम्स'नंतर जी लाट आली तिने रिंगण उचललं आणि भूक मागेच ठेवली.

पहिल्या भागात चिठ्ठ्यांचा नियम आहे तो आठवतोय का भाचीला विचारा. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, मग दरवर्षी एक वाढते. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकून माणशी वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल मिळतं. म्हणून धाकट्या बहिणीची, प्रिमची चिठ्ठी १, नायिका कॅटनिसच्या २० आणि तिचा मित्र गेल याच्या ४२. तलवार निघायच्या कितीतरी आधी, या तीन आकड्यांत त्या देशाचं सगळं राजकारण सांगून झालेलं असतं. गरीब घरातलं पोर जास्त वेळा पणाला लागतं आणि वर 'सही तुमचीच आहे' हे ऐकवलं जातं. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

नंतरच्या पुस्तकांत हे सापडत नाही. 'डायव्हर्जंट' (२०११) घ्या. शिकागोतली माणसं स्वभावावरून पाच गटांत वाटलेली. कल्पना झकास, पहिला भाग पळतो. पण असं का वाटलं याचं उत्तर तिसऱ्या भागात येतं तेव्हा आपण 'बरं' म्हणून पुस्तक मिटतो. 'मेझ रनर'चंही तेच, चक्रव्यूहातून बाहेर पडेपर्यंत मजा आणि बाहेर पडल्यावर नुसती धावपळ. 'रेड क्वीन' (२०१५) मध्ये रक्ताच्या रंगावरून वरचे-खालचे ठरतात. आपल्या समाजात वाढलेल्या वाचकाला त्यातून खूप काहीतरी निघेल असं वाटतं, आणि लेखिका राजपुत्रांकडे वळते.

तेव्हा माझी पहिली शिफारस त्याच घरातली: 'सनराईज ऑन द रीपिंग', मार्च २०२५ मध्ये आलं. कॅटनिस आणि तिचा जोडीदार पीटा यांना खेळासाठी तयार करणाऱ्या हेमिचची गोष्ट. पन्नासावे खेळ, प्रत्येक जिल्ह्यातून दुप्पट मुलं, म्हणजे २४ च्या जागी ४८. तो जिंकणार हे आपल्याला ठाऊकच असतं, तरी पुस्तक हातचं सुटत नाही, कारण प्रश्न जिंकण्याचा नाहीच. 'कॅचिंग फायर'मध्ये कॅटनिस आणि पीटा त्या खेळांची चित्रफीत पाहतात. इथे कळतं की त्या फितीतून काय काय कापलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लावा. बातम्या कशा 'तयार' होतात ते नववीच्या नागरिकशास्त्रापेक्षा नीट समजेल.

दुसरी, आणि खरं तर हीच पहिली: नील शुस्टरमनचं 'सायथ' (२०१६). यात जग वाईट नाही, हीच मेख. रोगराई संपली, म्हातारपण मागे फिरवता येतं, अपघातात गेलेला माणूस केंद्रात नेऊन जिवंत करतात. सगळा कारभार 'थंडरहेड' नावाची यंत्रबुद्धी बघते आणि ती चक्क भली आहे. मग लोकसंख्येचं काय करायचं? त्यासाठी माणसांतलेच काही निवडून त्यांना जीव घेण्याचा अधिकार दिलेला. ते झगे घालतात, फक्त काळा रंग वर्ज्य. ज्याला नेलं त्याच्या घरच्यांना वर्षभर अभय. सिट्रा आणि रोवन या दोघांना एक जण शिकाऊ म्हणून घेतो, दोघांनाही हे काम नको असतं, म्हणूनच घेतो. पहिल्या प्रकरणात हा माणूस एका घरी जेवायला थांबतो. तेवढं प्रकरण दुकानात उभ्याने वाचा, पुढचं मला सांगावं लागणार नाही.

त्यातला गोडार्ड नावाचा खलनायक मला आपल्या ओळखीचा वाटतो. त्याला नियम मोडायचे नसतात, नियमांच्या फटीत बसून तो हवं ते करतो. पुढचे भाग 'थंडरहेड' (२०१८) आणि 'द टोल' (२०१९). दुसरा पहिल्यापेक्षा सरस, तिसरा फार पसरलेला. तिन्ही एकदम घेऊ नका.

खारघर१७

काका, सगळं मान्य, पण तुम्ही लोक या पुस्तकांना बोर्डाच्या पेपरसारखं तपासता. मी बारावीत आहे. क्लासवरून रात्री घरी आल्यावर मला राज्यव्यवस्था नको असते. 'पॉवरलेस' मी एका रात्रीत संपवलं. शक्ती असलेल्यांच्या राज्यात पेडिन साधी मुलगी, शक्ती असल्याचं नाटक करून जगते आणि तशातच राजाच्या स्पर्धेत जाऊन पडते. हंगर गेम्सची कॉपी आहे म्हणे. असू दे की! आई दर गुरुवारी एकाच पद्धतीची मालिका बघते तेव्हा कुणी काही बोलत नाही.

भाचीला लव्ह ट्रँगल नको असेल तर 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५) आणि 'क्रुकेड किंगडम' (२०१६). सहा जणांची टोळी, एका अभेद्य तुरुंगातून माणूस पळवून आणायचा. टोळीचा म्होरक्या काझ ब्रेकर लंगडतो, हातमोजे कधीच काढत नाही, आणि का काढत नाही ते कळतं तेव्हा पोटात गोळा येतो. प्रेम आहे, पण बोट लागलं तरी मोठी घटना, इतकंच. दोनच भाग, गोष्ट पूर्ण. नेटफ्लिक्सची सिरीज बघून या पुस्तकाकडे येऊ नका, तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात आणि दोन सीझननंतर ती बंदही झाली. एक सांगून ठेवते, टोळीतल्या इनेजला लहानपणी पळवून विकलेलं असतं. ते भडक लिहिलेलं नाही, पण आहे.

आणि 'लेजंडबॉर्न' (२०२०)!! आई गेल्यावर ब्री नावाची सोळा वर्षांची मुलगी युनिव्हर्सिटीत येते, तिथे किंग आर्थरच्या सरदारांच्या वंशजांची गुप्त मंडळी असतात. ऐकायला नेहमीचंच वाटतं. पण ब्री कृष्णवर्णीय आहे, आणि 'वंश' हा शब्द त्या गोऱ्या मुलांसाठी अभिमानाचा असतो, तिच्यासाठी गुलामगिरीपर्यंत जाऊन पोचतो. आई गेल्याचं दुःख यात जसं लिहिलंय तसं मी दुसरीकडे वाचलं नाही. तिसरा भाग 'ओथबाउंड' २०२५ मध्ये आला, गोष्ट तिथेही संपलेली नाही, म्हणजे वाट बघावी लागणार. भाचीला चालेल का विचारा.

सेक्टर_अठरा

खारघर, मजेला माझी ना नाही. 'पॉवरलेस' मैत्रिणीकडून आणून वाचावं, मावशींनी वाढदिवसाला देऊ नये, इतकंच. 'सिक्स ऑफ क्रोज'ला जोरदार अनुमोदन. 'लेजंडबॉर्न'ची पहिली शंभर पानं मला जड गेली, एवढ्या पदव्या, घराणी आणि नियम की वही घेऊन बसावं लागतं. तुम्ही म्हणता ते दुःखाचं मात्र खरं.

जादूच्या पुस्तकांत मी 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' (२०१८) वर ठेवतो. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा परंपरेवर रचलेलं जग. राजाने जादू संपवली, जादूगार मारले, आणि त्यांची पांढऱ्या केसांची पोरं कर आणि अपमान सोसत जगतात. पहिला भाग अप्रतिम. दुसऱ्यात सगळेच एकमेकांवर रागावलेले असतात, आणि २०२४ मध्ये आलेल्या तिसऱ्याने माझी निराशा केली. पहिलाच घ्या, पुढचं तिचं तिला ठरवू दे.

कळवा_कारशेड

सुट्टीत घोडबंदर पट्ट्यात येणाऱ्या मुलीला द्यायचं पुस्तक एकच: 'ड्राय' (२०१८), शुस्टरमन बाप-लेकाने मिळून लिहिलेलं. कॅलिफोर्नियात एके दिवशी नळ कोरडे पडतात. जादू नाही, राजा नाही, भविष्यकाळही नाही. दुकानातलं पाणी संपतं, मग शेजारी शेजाऱ्याच्या दारात येतो. पुढच्या घरात एक कुटुंब वर्षानुवर्षं साठा करून बसलेलं, आणि गल्लीला ते माहीत असतं. टँकरच्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर काय भाषा चालते ते ज्याने पाहिलंय त्याला ही कादंबरी कल्पित वाटणार नाही. नवी मुंबईकरांनी आपल्या मोरबे धरणाच्या पाण्याच्या जोरावर हसू नये.

आणखी एक. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून ही पुस्तकं घेऊ नका. स्वस्त मिळतात कारण चोरून छापलेली असतात. मी घेतलेल्या एका प्रतीत मधली पानं दोनदा आणि शेवटची गायब. रहस्याच्या पुस्तकात हे किती जिव्हारी लागतं बघा.

ग्रंथपाल_वाशी

शाळेच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून भाचीपेक्षा ताईंबद्दल लिहिते. त्यांना 'द गिव्हर' द्या. १९९३ चं, पुढच्याच वर्षी त्याला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं. दोनशेच्या आसपास पानं, रविवारी दुपारी होतं. तिथे सगळं सारखं, शांत, सुरक्षित. रंग नाहीत, वेदना नाहीत, बाराव्या वर्षी तुमचं काम समिती ठरवून देते. जोनासला जुन्या आठवणी सांभाळायचं काम मिळतं आणि मग त्या शांततेची किंमत कळत जाते. 'रिलीज' म्हणजे नेमकं काय हे त्याला समजतं ते पान वाचून आया माझ्याकडे येऊन बसल्या आहेत. भयाण गोष्टी मुलं का वाचतात, हा वाद त्यानंतर सहसा होत नाही. शेवट मोकळा सोडलाय, त्यावर माय-लेकींचं भांडण होईल, होऊ द्या.

आपल्याकडचं म्हणाल तर संगू मंदण्णा यांचं 'अ स्पार्क ऑफ व्हाइट फायर' (२०१८). महाभारत अवकाशात नेलंय आणि कर्णाच्या जागी एस्मे नावाची मुलगी आहे. कर्णाचं काय होतं हे आपल्या मुलांना ठाऊक असतं, म्हणून ती इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकांपेक्षा जास्त धास्तावून वाचतात. भाचीला धाकटं भावंड असेल तर त्याला रोशनी चोक्षींचं 'अरु शाह', पण नववीच्या मुलीला ते बाळबोध वाटेल.

मराठीत या वयाला धरून लिहिलेली अशी डिस्टोपिया, म्हणजे बिघडलेल्या समाजाची कादंबरी, माझ्या हाती लागलेली नाही. जवळचं म्हणून नारळीकरांचं 'वामन परत न आला' देते. जमिनीखाली सापडलेला प्राचीन ठेवा, त्यातल्या ज्ञानावरून घडवलेला यंत्रमानव, आणि हे ज्ञान पुरून का ठेवलं होतं हा प्रश्न. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा मुलांनी ते पुन्हा मागून नेलं. 'सायथ'मधल्या थंडरहेडनंतर लगेच वाचलं तर दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलायला लागतात. ठाण्यात असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारा, १८९३ पासूनची संस्था आहे, जुनी मराठी पुस्तकं शोधायला आधी तिथेच जावं.

तलावपाळी

मी फक्त हॅरी पॉटर म्हटलं होतं, इथे तर अभ्यासक्रमच तयार झाला. वाचनखूण साठवली.

मानपाडा_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा भाचीलाच वाचायला दिला. तिचा निकाल: 'सायथ' आणि 'सिक्स ऑफ क्रोज' मावशीकडून, 'सनराईज' बाबांकडून. 'पॉवरलेस' तिने मैत्रिणीकडून आणून आधीच वाचलंय, हे आज कळलं. खारघर, तिला तुझ्याशी काईवर बोलायचंय, तो कोण ते मी विचारलं नाही. 'डायव्हर्जंट'बद्दल ती सेक्टर_अठरांशी सहमत नाही आणि सविस्तर लिहिणार आहे म्हणे, तयारीत राहा.

'द गिव्हर' ताईसाठी मागवलं. 'वामन' मी स्वतःच वाचणार. 'ड्राय'ची चांगली प्रत कुणाकडे आहे का? सोसायटीच्या सेक्रेटरींना द्यायची आहे.

कळवा_कारशेड

माझी आहे, पानं सगळी जागेवर. शनिवारी संध्याकाळी ठाणे स्टेशन, ट्रान्स-हार्बरचा नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म. परत मात्र हवी. सेक्रेटरींना सांगून ठेवा.