मदत हवी आहे: इंटरफोममध्ये आउटलेटला पाण्याची पातळी टिकत नाही

ओपनफोम या प्रवाह-गणनेच्या सॉफ्टवेअरमधल्या इंटरफोममध्ये (पाणी आणि हवा एकत्र सोडवणारा सॉल्व्हर) उघड्या कालव्याची केस आहे. खोली 0.2 मीटर, वेग 0.5 मीटर प्रति सेकंद, म्हणजे फ्राउड अंक (प्रवाहाचा वेग भागिले उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग) साधारण 0.36. आउटलेटला पी-आरजीएच (उंचीमुळे येणारा जलस्थैतिक भाग वजा केलेला दाब) फिक्स्डव्हॅल्यू (ठरावीक किंमत) 0 दिला की पाणी झपाट्याने ओढलं जातं. कारण उघड आहे: एचरेफ (या दाबासाठीची संदर्भ उंची) तळाशी 0 असल्यामुळे पाण्यात तिथे सुमारे 1962 पास्कल असायला पाहिजेत. एचरेफ 0.2 केल्यावर पातळी सावरते, पण हवेच्या भागातून उलटा प्रवाह आत शिरतो आणि कूरांट मर्यादेमुळे (एका टाइम-स्टेपमध्ये प्रवाह जाळीच्या किती पेशी ओलांडू शकतो याची मर्यादा) टाइम-स्टेप कोसळते. अल्फाला (पेशीतला पाण्याचा अंश) इनलेटआउटलेट 0 आहे, म्हणजे उलटं आत येईल ती हवाच; वरच्या पॅचवर टोटलप्रेशर.

आता आउटलेटला पी-आरजीएच झीरोग्रेडियंट (सीमेला लंब दिशेत बदल शून्य) आणि वेगाला आउटलेटफेजमीनव्हेलॉसिटी (पाण्याचा सरासरी वेग ठरवून देणारी अट) ठेवावं का? की शेवटच्या भागात जाळी विरळ करत नेऊन लाटा विझवणं जास्त भरवशाचं? सबक्रिटिकल (फ्राउड अंक 1 पेक्षा कमी) प्रवाहात ज्यांनी हे चालवलंय त्यांनी कृपया नेमक्या सेटिंग्ज सांगा.