मदत हवी आहे: प्लेटवर वर्तुळ आलंय, जीवाणू कोणता हे कसं ओळखू?

नवखी_संशोधक: माझ्याकडे जीवाणूंच्या 3 वसाहती आहेत, तिन्ही एका घातक जीवाणूला वाढू देत नाहीत. क्र. 2 भोवती तर 14 मिमीचं स्वच्छ वर्तुळ आलंय, म्हणजे तिथे घातक जीवाणू वाढलाच नाही. आता नाव कसं शोधू? सोमवारी मार्गदर्शक मॅडमना दाखवायचंय, लवकर सांगा प्लीज.

गाळणी: घातक म्हणजे कोणता? माध्यम कोणतं? विहिरीत (प्लेटमधल्या खळग्यात) कल्चर, म्हणजे वाढवलेले जीवाणू द्रवासकट घातलेस की गाळलेली निवळ, म्हणजे जीवाणू काढून उरलेला द्रव?

सरळमार्गी: कशाला एवढ्या चौकशा? 16एस सिक्वेन्सिंगला (जीवाणू ओळखायच्या जनुकाचा क्रम वाचायला) पाठव, नाव हातात.

गाळणी: 16एस नाव सांगतं, काम नाही. आणि बॅसिलस निघाला तर सबटिलिस की व्हेलेझेन्सिस, हे त्यावरून सहजी ठरत नाही. त्यासाठी जायआर-बी हे दुसरं जनुक बघावं लागतं.

नवखी_संशोधक: घातक म्हणजे ई. कोलाय. माझे तिन्ही एमआरएसवर (लॅक्टोबॅसिलससारख्या जीवाणूंच्या माध्यमावर) वाढवले, कॅटलेज (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) निगेटिव्ह, ग्रॅम पॉझिटिव्ह दंडगोल. रात्रभराचं कल्चर थेट विहिरीत घातलं.

गाळणी: हे आधी सांगायचं ना! असे जीवाणू बहुधा लॅक्टिक आम्ल बनवतात, मग ते वर्तुळ नुसत्या त्या आम्लाचंही असू शकेल. सेंट्रिफ्यूज कर, निवळीचा पीएच 6.5 वर आण, 0.22 मायक्रॉनमधून गाळ. एका विहिरीत तेवढ्याच पीएचचा कोरा एमआरएस ठेव. माझे सहा महिने याच चुकीत गेले.



सरळमार्गी: बाकी लॅक्टोबॅसिलस निघाला तर जुनं नाव लिहू नकोस. 2020 मध्ये त्या प्रजातीची (जीनसची) 25 प्रजातींत वाटणी झाली.

नवखी_संशोधक: केलं. तिन्ही वर्तुळं गेली! कोऱ्या विहिरीभोवतीही काही नाही. आता काय दाखवू?

गाळणी: हेच दाखव. आम्लाने रोखणं हेही रोखणंच आहे. पण बॅक्टेरिओसिनची (दुसऱ्या जीवाणूंना मारणाऱ्या प्रथिनाची) आशा सोडू नकोस. ई. कोलायला बाहेरचं आवरण असतं, निसिनसारखी बॅक्टेरिओसिनं त्यातून सहसा आत शिरत नाहीत. तीच निवळ मायक्रोकॉकस ल्युटियस या बाहेरचं आवरण नसलेल्या जीवाणूवर लाव. वर्तुळ आलं तर अर्ध्या निवळीत प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घाल. तिथे ते नाहीसं झालं तर रोखणारं प्रथिन आहे. वर्तुळ जीवाणूंनी सोडलेल्या पेरॉक्साइडचं असेल, ही शंका कॅटलेज एन्झाइम घालून फेडता येईल.

नवखी_संशोधक: ल्युटियस शेजारच्या लॅबमध्ये आहे. क्र. 2 ला वर्तुळ आलं तर इथेच कळवते.