मदत हवी आहे : सरावात निर्धास्त, सामन्यात मात्र गोठणारी बॉक्सर

नमस्कार. माझी सतरा वर्षांची पुतणी सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातून रोज पहाटे बॉक्सिंगच्या सरावाला जाते. तिचे पदलालित्य आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) उत्तम आहेत, दमही चांगला आहे. परंतु स्पर्धेत घंटा वाजताच तिचे खांदे कानांपर्यंत चढतात, श्वास रोखला जातो आणि चेहऱ्यावर पहिला ठोसा बसला की ती प्रतिहल्ला विसरून केवळ मागे सरकत राहते. स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, याहून जोरदार ठोसे ती सहज पचवते, त्यामुळे ही मार खाण्याची भीती नसून लोकांसमोर हरण्याची असावी, असे मला वाटते. (घरच्यांनी मोबाइलवर चित्रीकरण करणे आम्ही तूर्त बंद केले आहे.)

१९७४ साली आफ्रिकेतील किन्शासा येथे मुहम्मद अलींनी रिंगच्या दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलले आणि आठव्या फेरीत त्यांना नॉकआउट केले. तसा संयम उपजत असतो की सरावाने येतो, हा वाद बाजूला ठेवला तरी तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असताना सावरायला वेळ फार थोडा मिळतो.

दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात प्रशिक्षकांनी तिला नेमके काय सांगावे? श्वासावरील नियंत्रण किंवा मनातल्या मनात लढतीची उजळणी यांचा कोणाला प्रत्यक्ष उपयोग झाला आहे का? सोलापुरात, किंवा निदान पुण्यात, खेळाडूंसोबत काम करणारे मानसशास्त्रज्ञ माहीत असल्यास कृपया कळवावे. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला तिला सगळ्यांनी देऊन झाला आहे.