आर्मेनियन वंशसंहार नाकारणे हा गुन्हा ठरवावा का?

जुनी वही (धागाकर्ते):
तुर्कस्तानातील ऑटोमन राजवटीने पहिल्या महायुद्धात, १९१५ साली आर्मेनियन प्रजेचा संहार केला, याविषयी मला शंका नाही. २४ एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलमधील (आजचे इस्तंबूल) आर्मेनियन लेखक, संपादक आणि धर्मगुरूंची धरपकड झाली, मेअखेरीस हद्दपारीचा कायदा निघाला, आणि त्यानंतर गावोगावच्या पुरुषांना वेगळे काढून ठार मारण्यात आले, तर बायकामुलांचे तांडे सिरियाच्या वाळवंटात देर-एझ-झोरकडे पायी हाकलण्यात आले. बहुतेक अभ्यासक मृतांची संख्या दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मानतात. तरीही हे नाकारणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा मला मान्य नाही.

इस्तंबूलच्या 'आगोस' साप्ताहिकाचे आर्मेनियन संपादक ह्रांत डिंक यांना 'तुर्कत्वाचा अपमान' केल्याबद्दल तुर्की न्यायालयाने २००५ मध्ये दोषी ठरवले होते. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने वंशसंहार नाकारणे गुन्हा ठरवणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा त्याच डिंक यांनी, आपण फ्रान्सला जाऊन जाहीरपणे संहार नाकारू आणि तो कायदा मोडू, असे सांगितले. १९ जानेवारी २००७ रोजी कार्यालयाबाहेर गोळ्या घालून त्यांचा खून झाला. दोन्हीकडच्या सक्तीला विरोध करणारा हा माणूस मला या वादातला सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार वाटतो.

उत्तरायण:
डिंक यांच्याविषयी आदर बाळगूनही मी असहमत आहे. हा नकार एखाद्या विक्षिप्ताचे मत नसून एका राष्ट्राचे शतकभराचे धोरण आहे, आणि त्यामागे वकिलाती, पैसा आणि दबाव उभे आहेत. अशा यंत्रणेपुढे 'मोकळी चर्चा होऊ द्या' म्हणणे म्हणजे बलवानाला मोकळे रान देणे होय.

पेरिन्चेक खटल्याचेच पाहा. या तुर्की राजकारण्याने स्वित्झर्लंडमध्ये वंशसंहाराला 'आंतरराष्ट्रीय असत्य' म्हटले, तिथे त्याला शिक्षा झाली, पण २०१५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली. स्वित्झर्लंडचा १९१५ च्या घटनांशी थेट संबंध नाही आणि मधे नव्वद वर्षे लोटली आहेत, हेही न्यायालयाने विचारात घेतले. जे वाळवंटातून जगून वाचले, त्यांची नातवंडे आज मार्सेय आणि पॅरिसमध्ये राहतात. त्यांच्या दुःखाला भूगोलाची अट कशी लावता येईल?

तिसरा प्रहर:
माझी अडचण त्याआधीची आहे. नाझींच्या गुन्ह्यांवर न्युरेम्बर्गच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निवाडा होता. इथे काय आहे? सारिकामिशला रशियाकडून झालेला ऑटोमन सैन्याचा पराभव, रशियन आघाडी, व्हान शहरातील आर्मेनियनांचा उठाव आणि पूर्व अनातोलियात मेलेले हजारो मुसलमान, हे सगळे त्याच काळातले आहे. हा प्रश्न इतिहासकारांकडे सोडावा. संसदेने त्यात पडू नये.

जुनी वही:
इथे मला उत्तरायण यांच्या बाजूने उभे राहावे लागते. १९१९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्याच ऑटोमन लष्करी न्यायालयाने युद्धकाळात सत्ता चालवणाऱ्या तलात, एन्व्हर आणि जेमाल या नेत्यांना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला होता, म्हणजे निवाडा झालाच नाही असे म्हणता येत नाही. युद्धाचे कारण खरे मानायचे, तर रशियन सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अंकारा आणि बुर्सामधील आर्मेनियन कुटुंबांना का हाकलले? अलेप्पोचे गव्हर्नर जेलाल बे यांनी विरोध केला म्हणून त्यांची कोन्याला बदली झाली, आणि तिथेही त्यांनी लोकांना वाचवू पाहिल्यावर त्यांना हटवण्यात आले. मुसलमानांचे मृत्यूही खरे आहेत आणि ते दुःखदच आहेत. पण त्यांमुळे अंकाऱ्यातल्या एका विणकराची हद्दपारी समर्थनीय ठरत नाही.

हे सारे पुराव्याने सिद्ध करता येते, म्हणूनच मला तुरुंग नको आहे. पेरिन्चेकला शिक्षा झाली नसती, तर त्याच्या म्हणण्याला युरोपभर एवढे व्यासपीठ मिळालेच नसते. फ्रान्सचा नंतरचा तसाच कायदाही तिथल्या घटना परिषदेने (कायदे घटनेला धरून आहेत का, हे तपासणाऱ्या संस्थेने) २०१२ मध्ये रद्द केला, आणि तो पराभव तुर्की सरकारने विजय म्हणून मिरवला.

उत्तरायण:
पुराव्यांबाबत आपले एकमत आहे. पण ते मांडण्याची जबाबदारी प्रत्येक वेळी पीडितांच्या वंशजांवरच का यावी, याचे उत्तर आपल्या प्रतिसादात मला सापडले नाही, आणि तोवर माझे मत कायम आहे.