क्रिमियन युद्धात वर्तमानपत्रांनी खरंच सरकार पाडलं का?

टिपणवही: मी अकरावीला इतिहास शिकवते. रशियाविरुद्धच्या या युद्धात 'द टाइम्स'च्या बातम्यांमुळे ब्रिटनचं सरकार गेलं, असं वर्गात सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, एवढी ताकद होती पेपरात?" नीट उत्तर देता आलं नाही. कुणी सांगेल का?

सातारकर: ताई, मुलीने नेमकं विचारलंय. 'द टाइम्स'चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल ब्रिटिश सैन्याच्या छावणीतच राहून लिहायचा. क्रिमियातल्या बलाक्लाव्याची ब्रिटिश घोडदळाची ती प्रसिद्ध चढाई झाली २५ ऑक्टोबर १८५४ ला, त्याचा वृत्तांत छापून आला १४ नोव्हेंबरला. मला अजून चटका लावून जाते ती गोष्ट अशी, की त्याच १४ तारखेला बलाक्लाव्याजवळच्या वादळात 'प्रिन्स' जहाज बुडालं. सैनिकांचे गरम कपडे त्यात होते! पुढे ऐन थंडीत माणसं चिखलात कुडकुडत राहिली आणि घरोघरी लोक ते वाचत होते. जानेवारी १८५५ मध्ये ब्रिटिश संसदेत युद्धाच्या कारभाराच्या चौकशीचा ठराव ३०५ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर झाला, पंतप्रधान ॲबरडीन गेले. पेपरने एकट्याने पाडलं असं मी म्हणणार नाही. मतं खासदारांनीच दिली, पण त्यांना गप्प बसणं अशक्य केलं ते या बातम्यांनी.

टिपणवही: मनापासून आभार, काका. मग सैन्याने हे चालू कसं दिलं?

सातारकर: फार काळ नाही दिलं. फेब्रुवारी १८५६ मध्ये सेनापती कॉड्रिंग्टनने बातमीदारांवर निर्बंधांचा हुकूम काढला. तोवर लढाई जवळपास संपलीच होती.